गिनीचे आमो : जर्मन विद्यापीठांतील एक आफ्रिकी तत्त्वज्ञ

मंडळाच्या या चरित्रमालेत आपण बहुतेक वेळा आपल्या भाषेतील, आपल्या माहितीच्या मुलखातील थोरांविषयी वाचतो. या वेळी आम्ही दूरच्या देशातील आणि जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या एका शिक्षकाचे चरित्र आपल्यापुढे ठेवत आहोत. त्यांचे नाव आंटोन विल्हेल्म आमो. त्यांचा जन्म पश्चिम आफ्रिकेतला, शिक्षण आणि अध्यापन जर्मनीतले, लेखन लॅटिन भाषेतले आणि शेवटची वर्षे पुन्हा जन्मभूमीच्या किनाऱ्यावरची.

आज आफ्रिकेतील आणि आफ्रिकेबाहेरील अनेक विद्यापीठांत आफ्रिकी तत्त्वज्ञान हा विषय शिकवला जातो. तो शिकवणाऱ्याला अगदी पहिल्या तासालाच एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. एखादा विचार आफ्रिकी ठरतो तो कशामुळे? विचार करणाऱ्याच्या जन्मामुळे, त्याच्या भाषेमुळे, विषयामुळे, की ज्यांच्यासाठी तो विचार मांडला त्या लोकांमुळे? आमो यांच्या आयुष्यात या गोष्टी एकमेकींपासून दूर फेकल्या गेल्या होत्या. म्हणूनच या प्रश्नाची चर्चा सुरू झाली की त्यांचे नाव निघतेच.

अक्सीमचा मुलगा

आजच्या घाना देशाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर अक्सीम नावाचे गाव आहे. समुद्राला लागून तेथे एक किल्ला उभा आहे. तो पोर्तुगिजांनी १५१५ मध्ये बांधला आणि १६४२ मध्ये डचांनी त्यांच्याकडून घेतला. या किनाऱ्यावर सोन्याचा व्यापार चाले आणि माणसांचाही. युरोपीय लोक या भागाला सुवर्ण किनारा म्हणत आणि त्याभोवतीच्या मोठ्या प्रदेशाला गिनी. अक्सीमच्या परिसरात न्झेमा लोकांची वस्ती आहे. तेथेच १७०३ च्या सुमारास आमो यांचा जन्म झाला.

मुलगा तीन-चार वर्षांचा असताना डच वेस्ट इंडिया कंपनीमार्फत ॲमस्टरडॅमला पोहोचला. त्याला पळवून नेले, विकले, की धर्मोपदेशक करण्यासाठी पाठवले, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कंपनीने हे मूल उत्तर जर्मनीतील वोल्फेनब्युटेलचे ड्यूक आंटोन उलरिख यांना भेट म्हणून दिले. त्या काळी युरोपातील राजवाड्यांत आफ्रिकी मुले चाकरीला ठेवणे हे वैभवाचे लक्षण समजले जाई. रेशमी कपडे घालून ती पाहुण्यांसमोर उभी केली जात.

राजवाड्याच्या चर्चमध्ये मुलाचा बाप्तिस्मा झाला. ड्यूकच्या नावातले आंटोन आणि त्यांचे पुत्र आउगुस्ट विल्हेल्म यांच्या नावातले विल्हेल्म अशी दोन नावे त्याला मिळाली. पण आमो हे नाव टिकले. आई-वडिलांच्या घरातून त्याच्याबरोबर आलेली तेवढी एकच गोष्ट आयुष्यभर त्याच्यापाशी राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

वोल्फेनब्युटेलचा दरबार इतर दरबारांहून थोडा वेगळा होता. ड्यूक स्वतः कादंबऱ्या लिहीत. त्यांचे ग्रंथालय साऱ्या युरोपात नावाजलेले होते आणि त्याचे ग्रंथपाल होते थोर तत्त्वज्ञ आणि गणिती लायब्निझ. अशा ठिकाणी वाढलेल्या या मुलाला नुसते शोभेसाठी न ठेवता शिकवले गेले. ड्यूक १७१४ मध्ये वारले. पुढे आउगुस्ट विल्हेल्म यांनीही आश्रय चालू ठेवला आणि चाकरीतला मुलगा विद्यापीठाच्या दारापर्यंत पोहोचला.

हाल्ले येथील हरवलेला प्रबंध

९ जून १७२७ रोजी आमो यांनी हाल्ले येथील विद्यापीठात कायद्याचा विद्यार्थी म्हणून नाव नोंदवले. हे विद्यापीठ त्या वेळी अवघे तेहेतीस वर्षांचे होते, पण नव्या विचारांसाठी आणि कडाक्याच्या भांडणांसाठी जर्मनीभर प्रसिद्ध होते.

त्यातले एक भांडण आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. तेथील प्राध्यापक ख्रिस्तिआन वोल्फ यांनी १७२१ मध्ये एका भाषणात चिनी नीतिविचाराची वाखाणणी केली होती. ख्रिस्ती धर्माची ओळख नसतानाही कन्फ्यूशियसच्या परंपरेने नुसत्या विवेकाच्या बळावर उत्तम नीती उभी केली, असे त्यांचे म्हणणे. धर्मनिष्ठ सहकाऱ्यांना ते रुचले नाही. तक्रारी वाढत गेल्या आणि अखेर १७२३ मध्ये प्रशियाच्या राजाने वोल्फ यांना अठ्ठेचाळीस तासांत राज्याबाहेर जाण्याचा, नाही तर फाशी देण्याचा हुकूम काढला. युरोपाबाहेरच्या लोकांनाही तत्त्वज्ञान असू शकते, एवढे म्हणणे असे महाग पडत असे. त्यानंतर चारच वर्षांनी आफ्रिकेत जन्मलेला विद्यार्थी त्या विद्यापीठात आला.

नोव्हेंबर १७२९ मध्ये कुलगुरू योहान पेटर फॉन लुडेविग यांच्या अध्यक्षतेखाली आमो यांनी पहिला वाद सादर केला. त्या काळी पदवीचा मार्ग अशा जाहीर वादातून जाई. विद्यार्थ्याने आपले म्हणणे मांडायचे, इतरांनी आक्षेप घ्यायचे आणि त्याने ते परतवायचे, अशी पद्धत होती. आमो यांनी निवडलेला विषय होता युरोपातील आफ्रिकी लोकांचे कायदेशीर हक्क.

गावातल्या साप्ताहिकात त्या वादाचा थोडक्यात वृत्तांत छापून आला. त्यावरून युक्तिवादाची दिशा कळते. आफ्रिकेतील राजे एकेकाळी रोमन सम्राटांचे मांडलिक होते आणि त्यांना सम्राटाकडून सनदा मिळत, असा मुद्दा आमो यांनी इतिहासाच्या पुस्तकांतून काढला होता. मग ख्रिस्ती लोकांनी विकत घेतलेल्या आफ्रिकी माणसाला युरोपात कोणत्या कायद्याने आणि किती मर्यादेपर्यंत गुलाम ठेवता येते, हा त्यांचा प्रश्न. जर्मन राज्ये रोमन कायद्याचा वारसा सांगत. आमो यांनी त्यांच्याच कायद्याचे पुस्तक त्यांच्यापुढे उघडून धरले.

हा प्रबंध आजवर सापडलेला नाही. साप्ताहिकातला तेवढा वृत्तांत उरला आहे.

त्याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. आमो यांच्यासारखाच सुवर्ण किनाऱ्यावरून लहानपणी नेलेला याकोबुस कापिटाईन नावाचा तरुण हॉलंडमधील लायडन विद्यापीठात शिकला. गुलामगिरी ख्रिस्ती धर्मातल्या स्वातंत्र्याच्या आड येत नाही, असा प्रबंध त्याने १७४२ मध्ये मांडला. त्या प्रबंधाचे लगेच डच भाषांतर झाले आणि ते पुन्हा पुन्हा छापले गेले. दोघेही एकाच किनाऱ्याचे, दोघांचीही विद्वत्ता खरी. पण एकाचे पुस्तक घरोघरी गेले आणि दुसऱ्याचे नाहीसे झाले. कोणते पुस्तक टिकावे हे नुसत्या गुणवत्तेवर ठरत नाही, हे येथे दिसते.

मनाला वेदना होते का?

१७३० मध्ये आमो विटेनबर्ग येथे गेले आणि त्याच वर्षी तत्त्वज्ञानाचे मॅजिस्टर झाले. मॅजिस्टर म्हणजे शिकवण्याचा अधिकार मिळालेला पदवीधर. येथे त्यांनी वैद्यकाचाही अभ्यास केला. विद्यार्थ्यांत त्यांना मान होता. १७३३ मध्ये सॅक्सनीचे शासक विटेनबर्गला आले तेव्हा विद्यार्थ्यांच्या संचलनाचे नेतृत्व आमो यांच्याकडे होते.

एप्रिल १७३४ मध्ये त्यांचा मुख्य प्रबंध प्रसिद्ध झाला. मानवी मनाला संवेदना नसते, हा त्याचा विषय.

हा वाद नीट समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी माणसाचे दोन भाग सांगितले होते. विचार करणारे, आकार नसलेले मन आणि जागा व्यापणारा देह. मग पायात काटा रुतला की दुखते ते कोणाला? देकार्त यांना हा प्रश्न बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथ यांनी पत्रांतून फार चिकाटीने विचारला होता. मन देहाशी जोडलेले असल्याने ते देहाबरोबर काही करते आणि सोसतेही, अशा आशयाचे उत्तर देकार्त यांनी दिले.

आमो यांनी नेमके तेथेच बोट ठेवले. मन जर खरोखर निराकार आणि केवळ क्रियाशील असेल, तर ते सोसणार कसे? संवेदना म्हणजे बाहेरच्या वस्तूचा परिणाम आपल्यावर होऊ देणे. असा परिणाम ज्यावर होतो त्याला भाग असावे लागतात, इंद्रिये असावी लागतात. ते सारे जिवंत देहाला आहे, मनाला नाही. म्हणून दुखते ते देहाला. मन त्या दुखण्याची जाणीव हाताशी घेऊन विचार करते, हेतू ठरवते, पण स्वतः दुखत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या मानता येणार नाहीत, देकार्त यांनी आपल्याच सिद्धांताशी विसंगत विधान केले आहे, असा आमो यांचा निष्कर्ष होता.

आपल्याकडे कीर्तन-प्रवचनांतून देह वेगळा आणि आत्मा वेगळा हे आपण ऐकत आलो आहोत, त्यामुळे हा विचार ओळखीचा वाटेल. पण एक फरक ध्यानात ठेवावा. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे, तो फक्त पाहतो. आमो यांचे मन मात्र कर्तेच आहे. किंबहुना ते केवळ कर्ते आहे, म्हणूनच त्याला सोसता येत नाही. शिवाय आमो यांचा रोख वैराग्याकडे नव्हता. वैद्यक शिकलेल्या माणसाने संवेदनेचे घर शरीरात शोधले, असा तो विचार होता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात आमो यांनी एका विद्यार्थ्याच्या वादाचे अध्यक्षपद भूषवले. विषय पुन्हा तोच, आपल्या कोणत्या गोष्टी मनाच्या आणि कोणत्या देहाच्या. पाच वर्षांपूर्वी कुलगुरूंसमोर उभा असलेला विद्यार्थी आता स्वतः अध्यक्षाच्या पीठावर बसला होता.

विटेनबर्गचे रेक्टर योहान गोटफ्रीड क्राउस यांनी आमो यांचे जाहीर कौतुक केले. त्यात त्यांनी नाटककार टेरेन्स, धर्मचिंतक टर्टुलियन आणि संत ऑगस्टीन यांची आठवण काढली. हे सारे आफ्रिकेत जन्मलेले. लॅटिन विद्येचे मोठमोठे खांब आफ्रिकेने दिले आहेत, तेव्हा आमो हे काही नवल नव्हे, त्या परंपरेतलेच एक, असा त्या कौतुकाचा भाव होता.

आमो स्वतःही आपले मूळ कधी लपवत नसत. लॅटिन ग्रंथांवर नावापुढे ते गिनीचा आफ्रिकी अशी ओळख छापून घेत. राजवाड्याने दिलेली दोन नावे, घरचे एक नाव आणि गावाची ओळख, एवढे सगळे त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर असे.

मास्तर आमो

१७३६ मध्ये आमो हाल्ले येथे शिकवण्यासाठी परतले. त्यांची स्थिती पगारी प्राध्यापकाची नव्हती. अशा अध्यापकाने विषय जाहीर करायचा, विद्यार्थी जमवायचे आणि ते देतील त्या शुल्कावर राहायचे. आश्रयदात्याचा हात डोक्यावर असेल तर ठीक, नाही तर पुढच्या सत्राची चिंता.

हाल्ले येथे त्यांनी शिकवलेल्या विषयांत वोल्फ यांचे राजकीय विचारही होते. वोल्फ यांना परत बोलावले गेले ते १७४० मध्ये. म्हणजे ज्यांना फाशीची धमकी देऊन हाकलले होते त्यांचे विचार आमो त्यांच्याच जुन्या विद्यापीठात शिकवत होते.

१७३८ मध्ये त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ निघाला. संयमाने आणि अचूकपणे तत्त्वचिंतन करण्याची कला हा त्याचा विषय असून त्याची पाने दोनशेहून अधिक आहेत. व्याख्या कशी करावी, विभागणी कशी करावी, युक्तिवाद कसा तपासावा, दुसऱ्याचे लिखाण वाचताना त्याचा अर्थ कसा लावावा, पूर्वग्रह कोठून येतात, अशा गोष्टी त्यात पायरीपायरीने सांगितल्या आहेत. हेतू या कल्पनेला त्यांनी त्यात मध्यवर्ती जागा दिली. आपण काय करतो आहोत आणि कशासाठी, हे जाणून केलेली कृती हीच मनाची खरी कृती, असा त्यांचा विचार. पूर्वग्रहांविषयी लिहिताना त्यांनी स्वतःच्या कातडीचा उल्लेख करून तक्रार मांडलेली नाही. ग्रंथ शिकवण्यासाठी लिहिला होता आणि तो तसाच राहिला.

१७३९ मध्ये आमो येना येथे गेले. तेथे त्यांनी जाहीर केलेल्या व्याख्यानांत अंधश्रद्धांचे खंडन हाही एक विषय होता. येनातली एक छोटी खूण टिकून आहे. गोटफ्रीड आखेनवाल या विद्यार्थ्याच्या आठवणवहीत आमो यांनी मे १७४० मध्ये स्वहस्ते काही ओळी लिहिल्या. आपल्याकडे शाळा-कॉलेज सोडताना मुले अशा वह्या फिरवत, तशीच ती पद्धत. त्यांनी निवडलेला विचार एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञाचा होता आणि तो अटळ परिस्थितीशी जुळवून घेण्याविषयीचा होता. एपिक्टेटस हे गुलामीतून मुक्त झालेले शिक्षक होते. आमो यांनी नेमके त्यांनाच का निवडले असावे, हे वेगळे सांगायला नको.

परतीची वाट

पुढची वर्षे कठीण गेली. आउगुस्ट विल्हेल्म १७३१ मध्येच वारले होते. कुलगुरू लुडेविग १७४३ मध्ये गेले. विद्यापीठांतील वातावरणही बदलत होते. १७४७ मध्ये आमो यांची टिंगल करणाऱ्या कविता छापून आल्या. एका जर्मन तरुणीवर त्यांचे प्रेम आणि रंगावरून तिचा नकार, असा त्या टिंगलीचा विषय होता. वीस वर्षे ज्या गावांत शिकले आणि शिकवले तेथे त्यांचा असा तमाशा केला गेला.

याच सुमारास आमो जहाजाने गिनीला परतले. ज्या किनाऱ्यावरून तीन-चार वर्षांचा मुलगा गेला होता तेथे चाळिशी ओलांडलेला, लॅटिन आणि ग्रीक जाणणारा विद्वान उतरला.

१७५३ मध्ये डेव्हिड हेन्री गालांडाट हे जहाजावरचे डॉक्टर अक्सीमला आले. त्यांनी आमो यांची भेट घेतली आणि त्यांच्या भेटीचा वृत्तांत पुढे छापून आला. त्यावरून कळते की आमो यांचे वडील आणि एक बहीण तेव्हा हयात होते आणि किनाऱ्यापासून चार दिवसांच्या वाटेवर राहत होते. एक भाऊ मात्र दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत गुलाम होता. म्हणजे एकाच घरातला एक मुलगा जर्मनीत तत्त्वज्ञान शिकवत होता आणि दुसरा मळ्यांच्या देशात गुलामीत होता. १७२९ मध्ये आमो यांनी मांडलेला हक्कांचा प्रश्न त्यांच्यासाठी नुसता पुस्तकी नव्हता.

गालांडाट यांना आमो एकांतवासात राहताना दिसले. आसपासचे लोक त्यांना भविष्य जाणणारा मानत. येना येथे अंधश्रद्धांचे खंडन शिकवणाऱ्या माणसाच्या वाट्याला गावात ही ओळख आली. त्यांचे ज्ञान गावाला कळेल अशा कोणत्याही रूपात मांडायला तेथे ना वर्ग होता, ना छापखाना, ना त्यांची भाषा वाचणारा कोणी. नंतर ते शामा येथील किल्ल्यात राहायला गेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथे दाखवली जाते.

विस्मरणाची दोन शतके

गालांडाट आमो यांना भेटले त्याच सुमारास, १७५३ च्या आवृत्तीत, ब्रिटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी आपल्या एका निबंधाला तळटीप जोडली. गोऱ्यांखेरीज इतर वंशांत विद्या आणि कला कधी उपजल्याच नाहीत, असा तिचा आशय. १७६४ मध्ये जर्मनीतील कांट यांनी ह्यूमचा हवाला देऊन तेच पुन्हा सांगितले. पुढच्या शतकात हेगेल यांनी बर्लिनच्या व्याख्यानांत आफ्रिकेला जगाच्या इतिहासाबाहेरच ठेवले. आमो यांचे लॅटिन ग्रंथ जर्मनीतल्याच ग्रंथालयांत होते. ते काढून पाहण्याची गरज या थोरांना वाटली नाही.

काहींना मात्र वाटली. जर्मन शास्त्रज्ञ ब्लूमेनबाख यांनी १७८७ मध्ये आणि फ्रान्समधील आबे ग्रेग्वार यांनी १८०८ मध्ये आमो यांचा उल्लेख केला. गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात आफ्रिकी बुद्धिमत्तेचा दाखला म्हणून हे नाव पुढे आले. पण दाखला म्हणून नाव घेणे वेगळे आणि ग्रंथ उघडून त्या विचाराशी वाद घालणे वेगळे. त्यासाठी आणखी दीडशे वर्षे जावी लागली.

अक्सीमचे दुसरे मास्तर

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अक्सीमच्या एका कॅथलिक शाळेत एक तरुण न्झेमा मुख्याध्यापक शिकवत होता. त्याचे नाव क्वामे एन्क्रुमा. त्याचे जन्मगाव न्क्रोफुल तेथून जवळच. पुढे एन्क्रुमा अमेरिकेत तत्त्वज्ञान शिकले आणि १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हा देशाचे नेते झाले. १९६४ च्या आपल्या तत्त्वज्ञानविषयक पुस्तकात त्यांनी आमो यांची दखल घेतली. एका किनाऱ्याच्या माणसाची आठवण दोनशे वर्षांनी त्याच किनाऱ्याच्या माणसाने जागवली. त्याआधी १९६२ मध्ये घानाचे तत्त्वज्ञ विल्यम एब्राहम यांनी आफ्रिकेच्या मनाविषयीच्या ग्रंथात आमो यांच्याबद्दल लिहिले होते.

जर्मनीतही हाल्ले विद्यापीठाने १९६० च्या दशकात आमो यांचे लॅटिन लेखन जर्मन आणि इंग्रजी भाषांतरांत आणले. १९६५ मध्ये तेथे एक शिल्प उभे राहिले. त्यात एक आफ्रिकी पुरुष आणि एक स्त्री आहे, पण तो आमो यांचा चेहरा नव्हे. बर्लिनमध्ये आफ्रिकी लोकांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या, अपमानकारक शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या रस्त्याला आमो यांचे नाव देण्याचा ठराव २०२० मध्ये झाला. बरेच वाद आणि कोर्टकज्जे होऊन २०२५ मध्ये पाटी बदलली.

वर्गात आमो कसे शिकवावेत?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आफ्रिकेतील विद्यापीठांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तत्त्वज्ञान म्हणजे प्लेटोपासून चालत आलेला युरोपचा अभ्यासक्रम. घानाचे क्वासी विरेदू १९५० च्या दशकात लेगोन येथे तत्त्वज्ञान शिकले तेव्हा त्यांना आफ्रिकी तत्त्वज्ञान असा काही विषय शिकवलाच गेला नाही. दुसऱ्या बाजूला, १९४५ मध्ये प्लासीड टेम्पेल्स या बेल्जियन धर्मोपदेशकाचे बांटू तत्त्वज्ञानावरचे पुस्तक आले होते. त्यात एका संपूर्ण लोकसमूहाचा एकच, न बोललेला विचार असतो आणि तो बाहेरच्याने शोधून सांगायचा असतो, अशी भूमिका होती. त्या विचारात वाद घालणारी, नावगाव असलेली माणसेच नव्हती.

बेनिन देशातील पोलँ हुंतोंजी यांनी १९७० च्या दशकात या भूमिकेवर कडाडून टीका केली. आफ्रिकी माणसांनी तत्त्वज्ञान म्हणून केलेले लेखन म्हणजे आफ्रिकी तत्त्वज्ञान, असे त्यांचे सरळ म्हणणे. या हिशेबाने आमो पहिल्या रांगेत बसायला हवेत. पण हुंतोंजी यांनी आमो यांच्यावर लिहिताना एक वेदनादायक गोष्ट दाखवून दिली. आमो यांचा प्रत्येक शब्द युरोपीय वाचकांसाठी होता. त्यांच्याशी वाद घालणारे, त्यांना खोडून काढणारे, त्यांचे काम पुढे नेणारे आफ्रिकी वाचक त्यांना मिळाले नाहीत. परंपरा तयार होते ती शिष्यांमुळे, विरोधकांमुळेही. आमो यांना आपल्या लोकांत दोन्ही लाभले नाहीत.

विरेदू यांनी दुसरे टोक धरले. अकान भाषेत मनासाठी जो शब्द आहे त्याचा संबंध विचाराशी आहे, वेदनेशी नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. न्झेमा ही अकानच्या नात्यातली भाषा. मनाला संवेदना नसते असे म्हणणाऱ्या आमो यांच्या जाणिवेच्या कोपऱ्यात बालपणीच्या भाषेचा काही अंश उरला असेल का, असा प्रश्न त्यांनी केला. तीन-चार वर्षांच्या वयात तुटलेल्या भाषेवर एवढा भार टाकावा का, याबद्दल दुमत होऊ शकते. पण त्यातून विरेदू यांनी एक उपयोगी रीत दिली. परक्या भाषेत शिकलेला प्रत्येक तात्त्विक प्रश्न आपल्या भाषेत नेऊन पाहावा. तेथेही तो तसाच उभा राहिला तर तो सर्वांचा प्रश्न, आणि विरघळून गेला तर तो कदाचित त्या भाषेपुरताच असेल.

ही रीत आम्ही मराठीत करून पाहिली. पायात काटा रुतला तर आपण पाय दुखतो म्हणतो, मन दुखते असे कोणी म्हणत नाही. येथे मराठी आमो यांच्या बाजूने आहे. पण कोणी टाकून बोलले की आपले मन दुखावते, एखादी गोष्ट मनाला लागते आणि चूक केली की मन खाते. येथे मराठी आमो यांना विरोध करते आणि दुखावले जाणारे मन देहाचेच अंग आहे का, असे त्यांना विचारते. शिवाय मन, चित्त, बुद्धी, अंतःकरण, जीव यांतला नेमका कोणता शब्द आमो यांच्या लॅटिन शब्दासाठी घ्यायचा, हाही प्रश्न उरतोच. घरी मुलांना हे विचारून पाहावे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळेची भाषा एक, बाजाराची दुसरी आणि स्वयंपाकघरातली मराठी. मुले कदाचित दोन भाषांत दोन उत्तरे देतील. आमो यांच्यावर जे लादले गेले त्याची आणि आपल्या स्थलांतरित घरांची तुलना होऊ शकत नाही. आपण आपल्या पायांनी आलो आणि भाषा बरोबर आणली. त्यांच्याबरोबर एक नावच आले.

आमो यांनी एका विद्यार्थ्याच्या वहीत ओळी लिहिल्या, एकाच्या वादाचे अध्यक्षपद घेतले, तीन विद्यापीठांत शिकले-शिकवले, पण त्यांच्यानंतर त्यांचा विषय चालवणारा वर्ग उरला नाही. त्यांच्या विचाराशी कसून वाद घालणारे विद्यार्थी मिळायला दोनशे वर्षे लागली. आज घानात, बेनिनमध्ये, जर्मनीत आणि इतरत्र कोणी शिक्षक फळ्यावर आमो यांचे नाव लिहितो आणि मनाला वेदना होते का, असे मुलांना विचारतो. वर्गात लगेच दोन पक्ष पडतात. हाल्लेच्या वर्गात आमो यांनी जे केले असेल ते हेच, आणि अक्सीमच्या किनाऱ्यावर ते करायला त्यांना मिळाले नाही.